न ऐकू येणारे अक्षर

‘लिहितोस कशाला? बोल. आता वाचतो कोण?’

हा सल्ला आज इतक्या सहजपणे दिला जातो की, त्यामागे एक भूमिका आहे आणि ती तपासून पाहायला हवी, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. देणारा जाणकार ठरतो, घेणारा निमूटपणे ध्वनिमुद्रणाच्या तयारीला लागतो. सॉफ्टवेअरच्या व्यवसायातील मराठी तरुणांना दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. आणि त्या चुकीत आपण साहित्याचे अध्यापकही भागीदार आहोत, हे त्याहून अधिक अप्रिय मत याच लेखात पुढे मांडायचे आहे.

निमित्त घडले ते असे. गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी पवनीला घरी आला होता. कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षे तो माझ्याकडे मराठी शिकला, पुढे अभियांत्रिकीला गेला आणि आता नागपुरात सॉफ्टवेअर लिहिण्याची नोकरी करतो. वैनगंगेच्या घाटावर बसलो असता त्याने विचारले, ‘‘सर, कामात जे सापडतं ते मराठीत सांगावंसं वाटतं. ब्लॉग लिहू की पॉडकास्ट करू? मित्र तर म्हणतात, पॉडकास्टच कर.’’ मी विचारले, ‘‘सांगायचं आहे ते काय?’’ त्यावर त्याने जी हकिगत सांगितली, तीच या लेखाचा आधार आहे.

धान विकण्यासाठी नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांच्या यादीत नाव शोधण्याची सोय त्याला पाहायची होती. तक्रार अशी की, कऱ्हाडे आडनावाचा एक शेतकरी केंद्रावर आला, कारकुनाने नाव टंकले आणि पडद्यावर उत्तर आले : नोंद आढळली नाही. यादी उघडून डोळ्यांनी पाहिली तर नाव होते. पण कारकुनाने डोळ्यांपेक्षा यंत्रावर अधिक विश्वास ठेवला आणि त्या माणसाची फेरी वाया गेली. दोन रात्री घालवल्यावर या मुलाला कारण सापडले. ‘कऱ्हाडे’ या शब्दातील ‘ऱ्ह’ संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यानंतर हलन्ताचे चिन्ह, मग ‘ह’. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचा, न दिसणारा एक जोडक, आणि मग ‘ह’. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच उमटतात. डोळ्याला भेद कळत नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडमध्ये पर्यायी रूपांना एकसारखे करण्याची जी ठरलेली रीत आहे, तीही या दोहोंना एक करत नाही. तो नियम ज्याचा त्याने लिहावा लागतो. यादीत एक रूप होते, कारकुनाच्या कळफलकावरून दुसरे उमटत होते.

हे कारण त्याला सापडले कुठे? एका अनोळखी माणसाने काही वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या चार ओळींत. त्या चार ओळी इंग्रजीत होत्या. मराठी अक्षराचा, मराठीखेरीज फार थोड्या भाषांना जाणवणारा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मराठीत शोधून सापडले नाही!

आता या मुलाने पॉडकास्ट करावा, असे ज्यांना वाटते त्यांना माझा साधा प्रश्न आहे. हे बोलून दाखवा. ‘कऱ्हाडे’ आणि ‘कऱ्हाडे’ : कानाला फरक ऐकू येईल काय? मुळात हा दोष अक्षराचा आहे, उच्चाराचा नाही. तो दाखवता येतो, मोजता येतो, कापून दुसऱ्याच्या हाती देता येतो. उच्चारता येत नाही. ज्याला तो दुरुस्त करायचा आहे त्याला ती दोन रूपे शेजारी शेजारी हवीत आणि त्याखाली नियम हवा, जसाच्या तसा उचलून वापरता येईल असा. चाळीस मिनिटांच्या गप्पांतून तेविसाव्या मिनिटाला आलेला उल्लेख शोधत बसायला त्याच्यापाशी वेळ नसतो. केंद्रावर माणूस उभा असतो.

हा एक अपवादात्मक दाखला मी सोयीने निवडला आहे, असे कुणी म्हणेल. वस्तुतः सॉफ्टवेअरच्या धंद्यात असे दाखलेच फार, कारण तो धंदाच लेखनाचा आहे. आपली भाषा याबाबत आपल्याहून शहाणी आहे. आपण ‘प्रोग्रॅम लिहिला’ असे म्हणतो. ‘प्रोग्रॅम बोलला’ असे म्हणत नाही. ज्यांनी या विद्येला शिस्त लावली त्यांपैकी एक असलेल्या डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्राने १९७५ साली एका टिपणात असा अभिप्राय दिला होता की, गणिती वृत्तीइतकेच चांगल्या प्रोग्रॅमरला आवश्यक असते ते मातृभाषेवरील असाधारण प्रभुत्व. त्याची अशी तेराशेहून अधिक टिपणे आहेत. बरीचशी हाताने लिहिलेली. झेरॉक्स प्रती काढून तो ती सहकाऱ्यांना पाठवी, ते पुढे आपल्या सहकाऱ्यांना देत. आज ती टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहातून कुणालाही वाचता येतात. त्याची व्याख्यानेही गाजली. पण आज त्याच्याशी वाद घालायचा तर आपण क्रमांक लावलेल्या त्या टिपणांकडेच जातो.

आणखी एक उदाहरण अधिक बोलके आहे. जोएल स्पोल्स्की २००० पासून आणि जेफ ॲटवुड २००४ पासून सॉफ्टवेअरवर निबंध लिहीत होते. २००८ साली दोघांनी मिळून स्टॅक ओव्हरफ्लो उभारायला घेतले आणि उभारणी चालू असतानाच आपले संभाषण ध्वनिमुद्रित करून दर आठवड्याला प्रसृत केले. म्हणजे लेखकच पॉडकास्टकार झाले. मग श्रोत्यांनी काय केले? त्यांनी ती संभाषणे उतरवून काढायला घेतली; कुणालाही दुरुस्त करता येईल अशी लिखित प्रत तयार होऊ लागली. ऐकणारे प्रोग्रॅमरच होते. आवाज त्यांना आवडला होता, तरी हाताशी ठेवायला त्यांना मजकूरच हवा होता. त्या दोघांनी जे उभारले तेही काय होते? प्रश्न आणि उत्तरे, लिहिलेली. पॉडकास्टचे पोटही लेखनावरच भरते, हे तर कितीजणांना ठाऊक असते? २००० च्या डिसेंबरात आरएसएस या साध्या लिखित मांडणीत ध्वनिफितीचा पत्ता नोंदवण्याची सोय झाली. ‘पॉडकास्ट’ हे नाव पुढे २००४ साली पडले. आजही प्रत्येक भाग श्रोत्यापर्यंत पोचतो तो शीर्षक, तारीख आणि पत्ता लिहिलेल्या एका यादीच्या आधाराने.

इथपर्यंत वाचून साहित्याचा अभ्यासक अस्वस्थ होईल, आणि त्याने व्हावेही. तो म्हणेल, ‘आपली परंपरा तर वाचेची आहे. कीर्तन, ओवी, दंडार हे सारे बोललेले, ऐकलेले. ग्रंथ नष्ट होतात, कंठ टिकतो.’ या आक्षेपाचा सर्वांत बळकट पुरावा मीच पुढे करतो. चक्रधरांच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसांना गाठून, विचारून, पडताळून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि हिराइसा आदींच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली, असे महानुभाव परंपरा सांगते. ‘हिराइसा पाठ’ हे नाव त्याचीच साक्ष देते. लेखन हरवले, स्मृतीने तारले. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पण तो पुरावा नीट वाचला पाहिजे. हिराइसांना आठवत होता तो एकदा ठरलेला, शब्दाला शब्द लागून गेलेला पाठ. आठवले ते त्यांनी हवेत सोडले नाही. पुन्हा लिहिले गेले. आणि म्हाइंभटांनी तरी काय केले होते? बोलणे सर्वांच्या कानांत होतेच. ते कानांबरोबर जाणार, म्हणून त्यांनी साक्षीदार शोधले, एकाचे सांगणे दुसऱ्याशी ताडून पाहिले. ताडून पाहणे हे लेखनाचे मर्म आहे. ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, आणि सुमारे तीनशे वर्षांनी, १५८४ साली, एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली. नाथांपुढे पोथ्या होत्या, त्यांत भेद होते, म्हणून शुद्धी शक्य झाली. निरूपणाची केवळ ख्याती उरली असती, तर नाथांनी शुद्ध काय केले असते? आजचे प्रोग्रॅमर ज्याला आवृत्तीनियंत्रण म्हणतात आणि ज्याच्यावाचून त्यांचे एक दिवस चालत नाही, ते याच जातीचे काम आहे : कुणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद. पॉडकास्टच्या तेविसाव्या मिनिटाला चूक झाली तर ती चूक तेथेच राहते. फार तर पुढच्या भागात दिलगिरी येते, जी पहिला भाग ऐकणाऱ्याच्या कानावर पडेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट महानुभावांच्याच इतिहासातून शिकण्यासारखी आहे. त्यांनी आपले ग्रंथ पुढे सकळादी सांकेतिक लिप्यांत बंद केले. कारणे त्या काळात त्यांना पुरेशी असतील. परिणाम मात्र असा झाला की, मराठीचे आद्य गद्य मराठी वाचकांच्या शेजारी असूनही शतकानुशतके त्यांना परके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी त्या लिप्यांची किल्ली बाहेरच्यांना मिळाली, तेव्हा कुठे आपल्या वाङ्मयेतिहासाचे पहिले प्रकरण लिहिता आले. मी ध्वनिफितीला आजची सकळ लिपी म्हणतो. ती समोर असते, पण तिच्यात शोध घेता येत नाही, तिची ओळ उद्धृत करता येत नाही, चाळता येत नाही. आरंभापासून ऐकणाऱ्या निष्ठावंतालाच ती आपले गुज सांगते.

न्यायाने बोलायचे तर, लेखनही आपोआप उघडे असते असे नव्हे. १९९०च्या दशकात आपल्याकडे जे टंकले गेले, त्यातले पुष्कळसे अशा फाँटांत होते की ज्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फाँट नसेल तर तीच धारिका उघडल्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. जिओसिटीजवरची असंख्य पाने २००९ मध्ये ती सेवा मिटली तेव्हा गेली, काही इतरांनी वेळीच उतरवून घेतल्यामुळे वाचली. अर्थात तेथेही वाचवणाऱ्यांना उतरवून घेणे सोपे गेले, ते मजकूर हलका होता म्हणून. तेव्हा माझा आग्रह केवळ लिहिण्याचा नाही. युनिकोडमध्ये, कुणालाही प्रत करता येईल अशा जागी, तारीख घालून लिहिण्याचा आहे.

‘आता यंत्रच बोलण्याचे लेखन करून देते, मग एवढा आटापिटा कशासाठी?’ हा सर्वांत नवा युक्तिवाद. यंत्र ऐकू येते ते लिहिते. आपल्या ‘ऱ्ह’ची दोन रूपे त्याला ऐकूच येणार नाहीत, ते आपल्या सवयीचे एक रूप दोनदा लिहील आणि सांगायचा मुद्दा त्यातच पुसून टाकील. शिवाय उतरलेला मजकूर वाचून, तपासून, परिच्छेद पाडून द्यायला कुणीतरी लागतोच. त्या कामाला आपण आजवर लेखन म्हणत आलो. उलट दिशेचा प्रवास मात्र सोपा आहे. लिहिलेले यंत्र वाचून दाखवते. दृष्टिहीन वाचक संगणकावर काम करतात ते त्याच बळावर. बहिऱ्या माणसाला ध्वनिफितीचा मात्र काही उपयोग नाही.

आता पवनीकडे वळतो, कारण आम्हा पवनीकरांना हा धडा परगावाहून आणावा लागत नाही. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या स्तूपाच्या दगडांवर ब्राह्मी लिपीतले छोटे छोटे लेख आहेत, बहुतेक दान देणाऱ्यांचे. एका नागाच्या शिल्पाजवळ तर त्याचे नाव कोरले आहे : मुचलिंद. त्या काळी टेकडीवर येणाऱ्याला तो नाग कोण हे सांगायला भिक्षू होते, उपासक होते. तरीही कुणाला तरी नाव कोरावेसे वाटले. ते सांगणारे गेले, त्यांनी सांगितलेल्या कथा या गावाच्या तोंडून गेल्या, गावाला स्तूपाची आठवणही उरली नाही. दगडावरच्या चार अक्षरांमुळे नाग ओळखता आला. कोरणाऱ्याने व्याख्यान लिहिले नव्हते. पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाला लागेल तेवढेच लिहिले होते. चांगला प्रोग्रॅमर आपल्या कामाशेजारी जी टीप ठेवतो, ती याच जातीची.

आता ते अप्रिय मत. त्या मुलाला मी विचारले, ‘‘तुझा स्वतःचा कल कुठे आहे?’’ तो म्हणाला, ‘‘सर, बोलायला भीती वाटत नाही. लिहायला वाटते. शुद्धलेखनाच्या चुका होतात ना.’’ मी गप्प झालो. त्याच्या बारावीच्या वह्यांवर लाल शाई कोणी ओतली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. तो ‘पानी’ लिही, मी त्याचे ‘पाणी’ करी. ते करणे चूक होते असे नाही. प्रमाणभाषा शिकवणे हे माझे कामच आहे. चूक ही की, त्या दोन वर्षांत त्याने काय सांगितले याबद्दल मी समासात एक ओळही लिहिली नाही. १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ची त्यांतील चारांची भर मी त्याला इमानाने शिकवली. स्वतःला कळलेली गोष्ट न कळलेल्याला लेखी कशी समजावून द्यावी, हे शिकवले नाही. झाडीपट्टीतल्या मुलाला आपण लेखणीपासून इतके दूर ढकलले की त्याला ध्वनिक्षेपक जवळचा वाटू लागला. ‘वाचतो कोण?’ असे म्हणत तो जेव्हा बोलण्याकडे वळतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या मनातला खरा प्रश्न ‘चुका काढेल कोण?’ हा असतो.

आणि आवाजाचे खरे क्षेत्र कोणते, हेही याच ठिकाणी मान्य करायला हवे. झाडीबोलीचा हेल, तिचा स्वर, तिची लय कागदावर येत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीला छापील खंड अपुरे वाटले म्हणूनच पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या मुद्रित करण्यात आल्या. दंडारीतल्या म्हाताऱ्या गाणाऱ्याचा गळा मुद्रित करायचा तर मी स्वतः यंत्र घेऊन जाईन. दोन प्रोग्रॅमरांनी एखाद्या निर्णयावर वाद घालावा, त्यांतला संकोच, ठामपणा, हसू आपल्याला ऐकू यावे, हेही मोलाचे आहे. जेथे आवाज हाच आशय आहे तेथे आवाज मुद्रित करावा. पण जेथे आशय अक्षराचा आहे तेथे केवळ लोकप्रिय म्हणून आवाज निवडणे, याला मी पळवाट म्हणतो.

ही पळवाट एका माणसाची असती तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. मात्र हजारो मराठी माणसे दिवसभर जे काम करतात, त्या कामाबद्दल विचार करण्याजोगे गद्य आज मराठीत नाही. ते कोशांनी आपोआप येत नाही. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांच्या पिढीने ज्ञानविज्ञानाचे मराठी गद्य घडवले, ते अवघडत, अडखळत लिहून. त्यांची वाक्ये आज आपल्याला ओबडधोबड वाटतात, पण त्यांच्यावरच पुढची इमारत उभी राहिली. बोलताना इंग्रजी शब्द आणि हातवारे यांवर निभावून जाते. लिहिताना क्रियापद शोधावेच लागते. ज्या पिढीला तो शोध टाळण्याची मुभा मिळाली, तिच्या हयातीत हे गद्य घडणार नाही.

त्या मुलाला मी सांगितले, ‘‘आधी लिही. ‘कऱ्हाडे’ची दोन्ही रूपे एकाखाली एक दाखव, नियम दे, तारीख घाल. मग हवे तर त्यावर पोटभर बोल.’’ त्याने जानेवारीत मजकूर पाठवला, दीड पानाचा. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका होत्या आणि एके ठिकाणी ‘पानी’ होते. नऊ चुका मी पेन्सिलीने सुधारल्या. ‘पानी’ तसेच ठेवले. समासात या वेळी दोन प्रश्न लिहिले : हा जोडक टंकणाऱ्याच्या नकळत मजकुरात येतो कसा? आणि जुन्या याद्या दुरुस्त कशा करायच्या? त्या दोन प्रश्नांची उत्तरे मला खरोखरच हवी होती.

‘वाचतो कोण?’ या प्रश्नाचे उत्तर निदान आपल्यापुरते तरी आपल्या हाती आहे. आपल्या वर्गांतून दरवर्षी अशी मुले बाहेर पडतात. त्यांनी लिहिलेले आपण किती वाचले?